दोन पेशींची संमती : टॉन्सिलमध्ये प्रतिपिंड कसे घडते

आरशासमोर उजेडात उभे राहून तोंड उघडले आणि जीभ थोडी खाली दाबली, तर पडजिभेच्या दोन्ही अंगांना बदामाच्या आकाराच्या दोन गाठी दिसतात. व्यवहारात आपण त्यांना टॉन्सिल म्हणतो. मराठी परिभाषेत त्यांना गिलायू असे नाव आहे. हे नाव जुने आहे. सुश्रुतसंहितेत कंठरोगांच्या गणनेत गिलायू आणि तालुरोगांच्या गणनेत तुंडिकेरी ही नावे येतात, आणि गिलायूवर शस्त्राचा उपाय सांगितलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने सुजून घट्ट झालेले टॉन्सिल बोटाने सोडवून काढण्याची कृती लिहून ठेवली. म्हणजे हा अवयव काढावा कसा, हे माणसाला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. तो तेथे आहे कशासाठी, हे मात्र विसाव्या शतकापर्यंत ठाऊक नव्हते. दुखणाऱ्या अवयवाची ओळख आधी होते, कामाची नंतर, हाच बहुधा वैद्यकाचा क्रम आहे.

टॉन्सिलचे काम काय, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे देता येईल : श्वासावाटे आणि घासावाटे आत येणाऱ्या जंतूंची येथे ओळख पटवली जाते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवली जातात. पण या वाक्यातील ‘घडवली जातात’ हे शब्द फसवे आहेत. ते वाचून वाटते, की एखादी पेशी जंतू पाहते आणि लगेच प्रतिपिंड तयार करते. वस्तुस्थिती तशी नाही. एकटी पेशी उत्तम प्रतिपिंड घडवू शकत नाही, किंबहुना तिला ते घडवू दिले जात नाही. त्यासाठी निरनिराळ्या कुळांतील पेशींना एकमेकींना भेटावे लागते, एकमेकींना पुरावा दाखवावा लागतो आणि संमती मिळवावी लागते. ही संमती कशी मागितली जाते, कशी दिली जाते आणि शरीराने एवढा खटाटोप का मांडला आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम स्थानाचा विचार करू. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८४ मध्ये दाखवले, की घशातील लसीकाभ ऊतकाचे पुंजके मिळून एक कडे तयार होते. टाळूच्या दोन्ही बाजूंचे टॉन्सिल हा त्याचा ठळक भाग. जिभेच्या मुळाशी, नाकाच्या मागे आणि कानाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी त्याचे उरलेले भाग असतात. नाकाच्या मागचा पुंजका वाढला म्हणजे आपण ‘अ‍ॅडेनॉइड वाढले’ असे म्हणतो. हवेची वाट आणि अन्नाची वाट जेथे एकत्र येतात, तेथेच हे कडे आहे. भेडाघाटला नर्मदेचे सारे पाणी जसे संगमरवरी कड्यांच्या अरुंद वाटेतूनच जाते, तसे बाहेरच्या जगातून आत येणाऱ्या प्रत्येक कणाला या कड्यातून जावे लागते. टेहळणीला याहून सोयीची जागा नाही.

टॉन्सिलची रचनाही या कामाला साजेशी आहे. काखेतल्या किंवा जांघेतल्या लसीका ग्रंथींना दूरच्या ऊतकांतून लसीका आणून पोचवणाऱ्या वाहिन्या असतात. टॉन्सिलला तशा आत येणाऱ्या वाहिन्या नसतात. त्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर सुमारे दहा ते वीस खोल खाचा असतात. या खाचांचे अस्तर पातळ, जाळीदार आणि सच्छिद्र असते व त्यात पेशींची सतत ये-जा चालते. तटबंदीला जाणूनबुजून ठेवलेल्या खिंडारांसारखी ही रचना आहे. शत्रूला थोडासा आत येऊ द्यायचा, पण अशा ठिकाणी, जेथे त्याला पारखणारे आधीच दबा धरून बसलेले आहेत. टॉन्सिल वारंवार सुजतात याचे एक कारण येथेच सापडते. सूज हा नेहमीच अवयवाच्या दुबळेपणाचा पुरावा नसतो. पुष्कळदा ती त्याच्या कामाची खूण असते.

जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ मध्ये स्थापन झाले. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. देशातील इतर वैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणे तेथेही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला टॉन्सिलचा रंगवलेला पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावा लागतो. त्या छेदात निळ्याजांभळ्या ठिपक्यांची दाटी असते आणि त्या दाटीत जागोजागी गोलाकार पुटके दिसतात. प्रत्येक पुटकाच्या कडेला गडद वलय आणि मध्ये फिकट वर्तुळ असते. या फिकट वर्तुळांचे वर्णन करून वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८५ च्या सुमारास त्यांना ‘अंकुरकेंद्र’ या अर्थाचे नाव दिले. त्यांना तेथे विभाजन पावणाऱ्या पेशी पुष्कळ आढळल्या, म्हणून लसीका पेशी येथेच जन्मतात असे त्यांना वाटले. लसीका पेशींचे जन्मस्थान दुसरीकडे आहे हे पुढे सिद्ध झाले, तरी नाव टिकले. आणि एका अर्थाने ते सार्थही ठरले, कारण उत्तम प्रतिपिंडाचा अंकुर खरोखर येथेच फुटतो.

प्रतिपिंडाची कल्पना त्यानंतर थोड्याच वर्षांत आली. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवले, की धनुर्वाताच्या विषाची सवय करवलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात ते विष निष्प्रभ करणारे काहीतरी असते. ते ‘काहीतरी’ म्हणजे प्रतिपिंड. ते कोण तयार करते, याचे उत्तर मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९४८ मध्ये स्वीडनच्या आस्ट्रिड फागरेउस यांनी प्रतिपिंडे प्लाझ्मा पेशींतून येतात हे दाखवले. १९५७ मध्ये बर्नेट यांनी असा सिद्धांत मांडला, की प्रत्येक लसीका पेशी जन्मतः एकाच प्रकारच्या प्रतिजनाला ओळखणारी असते. जंतू शरीरात आला, की अगणित पेशींतून त्याच्याशी जुळणारी पेशी निवडली जाते आणि तिचीच संतती वाढते. जंतू पेशीला शिकवत नाही, तो तिला केवळ निवडतो, हे या सिद्धांताचे मर्म.

मग एक कोडे उभे राहिले. कोंबडीच्या शेपटीकडील भागात बर्सा नावाची एक पिशवी असते. ती पिलांमधून काढून टाकली, तर त्यांना पुढे प्रतिपिंडे नीट तयार करता येत नाहीत, हे १९५६ मध्ये ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. दुसरीकडे १९६१ मध्ये जाक मिलर यांनी दाखवले, की नवजात उंदराच्या छातीतील यौवनलोपी ग्रंथी काढली, तरी त्याची प्रतिकारशक्ती कोसळते. मग लसीका पेशींचे कूळ एक की दोन? १९६६ मध्ये क्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना कधी केवळ अस्थिमज्जेच्या, कधी केवळ यौवनलोपी ग्रंथीच्या, तर कधी दोन्ही पेशी दिल्या. वेगवेगळ्या दिल्या तेव्हा प्रतिपिंडे नाममात्र झाली; एकत्र दिल्या तेव्हा भरपूर झाली. १९६८ मध्ये मिचेल आणि मिलर यांनी श्रमविभागही उलगडला : प्रतिपिंड तयार करणारी पेशी अस्थिमज्जेतून येते, यौवनलोपी ग्रंथीतून आलेली पेशी स्वतः प्रतिपिंड तयार करीत नाही, ती पहिलीला साहाय्य करते. बर्साच्या आद्याक्षरावरून पहिलीला बी-पेशी आणि यौवनलोपी ग्रंथीच्या ‘थायमस’ या पाश्चात्त्य नावावरून दुसरीला टी-पेशी म्हणण्याचा प्रघात पडला.

जबलपूरच्या रहिवाशाला या दोन कुळांच्या भेटीची कल्पना करणे कठीण नाही. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन कंपनीचा रेल्वेमार्ग १८६७ मध्ये या शहरापर्यंत आला आणि मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग त्याला येथे मिळाला. दोन कंपन्या, दोन उगमस्थाने; पण मुंबई आणि हावडा यांच्यामधला सलग रेल्वेप्रवास शक्य झाला तो येथे सांधा जुळल्यावर. टॉन्सिल हेही असेच एक जंक्शन आहे. बी-पेशी अस्थिमज्जेतून निघते. टी-पेशीचा उगमही तेथलाच, पण तिचे शिक्षण यौवनलोपी ग्रंथीत होते. दोघी रक्तप्रवाहातून फिरत फिरत टॉन्सिलमधील विशिष्ट केशवाहिन्यांच्या भिंतीतून आत शिरतात. आत शिरल्यावर त्यांचे फलाट वेगळे होतात : बी-पेशी पुटकांकडे जातात, टी-पेशी पुटकांच्या मधल्या जागेत राहतात. पेशींना ही दिशा रासायनिक संकेतांनी कळते.

आता एखादा जंतू, समजा इन्फ्लुएंझाचा विषाणू, टॉन्सिलच्या खाचेत अडकला. त्याचे कण अस्तरातून आत येतात. तेथे फांद्यांसारखे बाहू पसरून बसलेल्या वृक्षाभ पेशी ते गिळतात. या पेशींचे वर्णन स्टाइनमन आणि कोह्‌न यांनी १९७३ मध्ये केले. त्या कामासाठी स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. वृक्षाभ पेशी जंतूतील प्रथिनांचे लहान लहान तुकडे करते आणि ते तुकडे आपल्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट रेणूच्या खोबणीत बसवून टी-पेशींना दाखवते. माणसात या खोबणीदार रेणूंना एचएलए रेणू म्हणतात.

हे तुकडे करणे अनावश्यक उपद्व्याप नव्हे. टी-पेशीला अखंड जंतू ओळखताच येत नाही. तिला फक्त खोबणीत बसवलेला तुकडा दिसतो. येथे पुन्हा जबलपूरच्याच रुळांचा दाखला देता येईल. गोंदियाकडे जाणारा अडीच फुटी अरुंद मार्ग २०१५ पर्यंत या शहरात येत होता. त्या मार्गाची वाघीण रुंद रुळांवर चढू शकत नसे. माल पुढे न्यायचा तर तो उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. बी-पेशी आणि टी-पेशी यांचे ‘गेज’ असेच भिन्न आहे. बी-पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या प्रतिपिंडाने अखंड प्रतिजन पकडते. टी-पेशी तुकडाच ओळखते. म्हणून दोघींमध्ये व्यवहार व्हायचा असेल, तर माल उतरवून पुन्हा भरावाच लागतो.

हे काम बी-पेशी स्वतः करते. पुटकातील एखाद्या बी-पेशीचे पृष्ठभागावरील प्रतिपिंड विषाणूच्या कणाशी जुळले, की ती तो कण आत ओढून घेते, त्याचे तुकडे करते आणि ते आपल्या एचएलए रेणूंत बसवून बाहेर मांडते. मग ती पुटकाच्या सीमेकडे सरकते. वृक्षाभ पेशीने जागृत केलेली टी-पेशीही त्याच सीमेकडे येत असते. भेट होते. बी-पेशीने मांडलेला तुकडा टी-पेशीच्या ग्राहीशी जुळला, तर टी-पेशी आपल्या पृष्ठभागावर एक रेणू पुढे करते आणि तो बी-पेशीवरच्या सीडी-४० या रेणूत गुंततो. त्याच वेळी टी-पेशी इंटरल्यूकिन नावाची रासायनिक द्रव्ये सोडते. ही झाली संमती. ती मिळाली तर बी-पेशी वाढते. न मिळाली तर बहुधा तिचा शेवट होतो.

संमती मिळालेल्या काही बी-पेशी लगेच प्लाझ्मा पेशी होऊन घाईघाईने सामान्य प्रतीची प्रतिपिंडे सोडू लागतात. इतर पुटकाच्या मध्यभागी जाऊन अंकुरकेंद्र वसवतात. अंकुरकेंद्राचे दोन भाग असतात. गडद भागात बी-पेशी झपाट्याने दुणावतात आणि दुणावताना आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका घडवून आणतात. जपानमधील होंजो यांच्या गटाने १९९९ मध्ये शोधलेले एड नावाचे एंझाइम ही कामगिरी करते. शरीरातील इतर जनुकांत बदल होण्याचा जो वेग असतो, त्याच्या सुमारे दहा लाख पट वेगाने येथे बदल होतात. आंधळेपणाने केलेल्या या बदलांतून बहुतेक प्रतिपिंडे बिघडतात, थोडी मात्र पूर्वीपेक्षा चांगली जुळू लागतात.

त्यांची परीक्षा फिकट भागात होते. तेथे पुटकीय वृक्षाभ पेशींनी आपल्या बाहूंवर अखंड प्रतिजन जपून ठेवलेले असते. ज्या बी-पेशीचे नवे प्रतिपिंड अधिक घट्ट बसते, ती अधिक प्रतिजन ओढून घेते, अधिक तुकडे मांडते आणि म्हणून तेथे पहारा देणाऱ्या टी-पेशींचे लक्ष अधिक वेधते. या टी-पेशी विशेष प्रकारच्या असतात. त्यांना पुटकीय साहाय्यक टी-पेशी म्हणतात, आणि २००० मध्ये त्यांचे जे पहिले स्पष्ट वर्णन झाले ते मानवी टॉन्सिलमधूनच. त्यांचे साहाय्य मर्यादित असते, त्यामुळे बी-पेशींमध्ये चढाओढ लागते. जिंकणारी पुन्हा गडद भागात जाऊन नवे बदल करून येते. हरणारी तेथेच मरते आणि तिचे अवशेष गिळून टाकले जातात. अशा फेऱ्या कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे चालतात. शेवटी निवडलेल्या पेशींपैकी काही प्लाझ्मा पेशी होतात, काही स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात. याच प्रवासात प्रतिपिंडाचा वर्गही बदलतो : प्रारंभीच्या आयजीएम वर्गाऐवजी रक्तात संचार करणारा आयजीजी किंवा श्लेष्मल पटलांवर पहारा देणारा आयजीए वर्ग येतो.

एवढी गुंतागुंत कशासाठी? उत्तर अंकुरकेंद्रातल्या त्या मुद्दाम केलेल्या चुकांत आहे. जनुकात आंधळे बदल करणारी बी-पेशी उद्या जंतूऐवजी आपल्याच शरीराशी जुळणारे प्रतिपिंड घडवू शकते. तिला आवर घालणारा कोणीतरी हवा, आणि तो स्वतः बदलणारा नसावा. टी-पेशी नेमकी तशी आहे. यौवनलोपी ग्रंथीत तिची कसून परीक्षा झालेली असते. स्वकीय तुकड्यांना जोराने चिकटणाऱ्या टी-पेशी बहुतांशी तेथेच नष्ट केल्या जातात. शिवाय एकदा ठरलेला आपला ग्राही ती पुढे बदलत नाही. म्हणून बदलणाऱ्या बी-पेशीवर न बदलणाऱ्या टी-पेशीची देखरेख, अशी ही व्यवस्था आहे. प्रतिपिंड हे एका पेशीचे कर्तृत्व नसून दोन पेशींचा करार आहे, असे म्हणता येते ते या अर्थाने.

या कराराचा एक पक्ष नसेल तर काय होते, हे निसर्गाने काही दुर्दैवी मुलांच्या बाबतीत दाखवले आहे. १९५२ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर ब्रूटन यांनी वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे, जवळपास नसल्याचे नोंदवले. या विकारात बी-पेशी परिपक्वच होत नाहीत, आणि टॉन्सिल जवळजवळ दिसत नाहीत. अशा मुलाच्या घशात पाहणाऱ्या डॉक्टरला तेथील रिकामी जागा निदानाकडे नेऊ शकते. दुसऱ्या एका विकारात बी-पेशी असतात, टी-पेशीही असतात. पण सीडी-४० मध्ये गुंतणारा टी-पेशीवरचा रेणू सदोष असतो. त्याचे जनुकीय कारण १९९३ मध्ये उघड झाले. या मुलांत अंकुरकेंद्रे बनत नाहीत. रक्तात आयजीएम भरपूर असते, पण आयजीजी आणि आयजीए अत्यल्प. दोन्ही पक्ष हजर, पण सहीच होत नाही, अशी ही स्थिती.

आणि करार जाणीवपूर्वक घडवून आणता आला तर? याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. काही जंतूंभोवती शर्करेचे कवच असते. बी-पेशी ते कवच ओळखते, पण शर्करेचे तुकडे टी-पेशीला सहसा दाखवता येत नाहीत. त्यामुळे संमती मिळत नाही, आणि तान्ह्या बाळांत निव्वळ शर्करेची लस निष्फळ ठरते. उपाय असा : शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडायची. बी-पेशी शर्करेला धरून सारा जोड आत घेते आणि प्रथिनाचे तुकडे टी-पेशीला दाखवते. टी-पेशी प्रथिनाला संमती देते, प्रतिपिंड मात्र शर्करेविरुद्ध तयार होते. हा जोड प्रयोगशाळेत एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ मध्येच साधला होता. त्याच तत्त्वावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने, जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या सहकार्याने, मेंदूज्वराच्या ए गटातील जंतूवर मेनअफ्रीव्हॅक ही लस तयार केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची मोहीम सुरू झाली. हा जंतू निरोगी माणसाच्या घशात मुक्काम करून पसरतो. लसीने रोग तर रोखलाच, घशातला त्याचा मुक्कामही मोडला. भारतातील बाळांना २०११ पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागलेल्या पंचगुणी लसीतील एक घटक याच जोडतत्त्वावर आधारलेला आहे.

ही सारी माहिती दीर्घकाळ बव्हंशी उंदरांवरील प्रयोगांतून आली. उंदराला माणसासारखे टाळूचे टॉन्सिल नसतात, आणि उंदरात यशस्वी झालेली लस माणसात यशस्वी होईलच असे नसते. या अडचणीतून वाट काढली ती शस्त्रक्रियेनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या टॉन्सिलनीच. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लिसा वॅगर, मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अशा टॉन्सिलमधील पेशी सुट्या करून संवर्धनात ठेवल्या. त्या पेशींनी आपण होऊन पुन्हा पुंजके केले, आणि त्यांत अंकुरकेंद्राची लक्षणे दिसू लागली. त्यांवर इन्फ्लुएंझाची लस टाकली असता तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार झाली, त्यांचा वर्ग बदलला आणि घट्टपणाही वाढला. कोणती पेशी वगळली तर काय बिघडते, हे आता मानवी पेशींतच तपासता येऊ लागले. दोन हजार वर्षे जो अवयव काढून फेकला जात होता, तो असा ज्ञानाचे साधन झाला.

पण हा करार नेहमीच सुखरूप पार पडतो असे नाही, आणि त्याची किंमत आपल्याकडे अनेक कुटुंबांनी मोजली आहे. ए गटातील स्ट्रेप्टोकॉकस जंतू मुलांच्या घशाला सूज आणतो. त्याच्याविरुद्ध टॉन्सिलमध्ये यथासांग प्रतिपिंडे घडतात. मात्र या जंतूच्या पृष्ठभागावरचे काही भाग हृदयातील प्रथिनांशी मिळतेजुळते असतात. येथे टी-पेशीची संमती खऱ्या जंतूवरूनच दिलेली असते, तरी थोड्या मुलांत तयार झालेली प्रतिपिंडे आणि टी-पेशी दोन्ही हृदयाच्या झडपांवर उलटतात. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो. हा संधिवाती ज्वर. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात तो अधिक आढळतो, आणि त्याने एकदा झडप बिघडवली तर ते नुकसान आयुष्यभर राहते. जबलपूरसारख्या शहरात असो की मंडला-डिंडोरीच्या दूरच्या गावात, घसादुखीकडे दुर्लक्ष करू नये ते यासाठी. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि तिला पेनिसिलिनची गरज नसते. पण डॉक्टरांनी स्ट्रेप्टोकॉकसचे निदान केले, तर घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत सुरू केलेले पेनिसिलिन, पूर्ण मुदतीचे घेतल्यास, हा ज्वर बहुधा टाळते. ज्याला तो एकदा झाला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ताप उतरला म्हणून ते थांबवणे घातक ठरते.

मग टॉन्सिल काढूनच टाकावेत काय? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत ही शस्त्रक्रिया जवळजवळ रिवाजाप्रमाणे होत असे. १९७१ मध्ये बफेलो येथे काम करणारे भारतीय वंशाचे बालरोगतज्ज्ञ प्यारे लाल ओग्रा यांनी पोलिओची लस घेतलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढल्यानंतर नाक-घशाच्या स्रावातील पोलिओविरोधी प्रतिपिंडे तिपटी-चौपटीने घटल्याचे त्यांना आढळले. पोलिओचा धोका असलेल्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. या अवयवाला निरुपयोगी मानणे त्यानंतर कठीण झाले.

तरीही त्याला पूजनीय मानण्याचे कारण नाही. घशातील कड्याचे इतर भाग, मानेतल्या लसीका ग्रंथी आणि प्लीहा हे काम पुढे चालवतात. त्यामुळे टॉन्सिल काढलेली बहुतेक मुले निरोगी वाढतात. टॉन्सिल इतके वाढले असतील की झोपेत श्वास अडतो, तर ते काढण्यातच हित असते. वारंवार सुजणाऱ्या टॉन्सिलबाबत डॉक्टर सर्वसाधारणपणे १९८४ मध्ये पॅराडाइज व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेली मोजपट्टी लावतात : एका वर्षात सात वेळा, लागोपाठ दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा नीट नोंदलेली सूज. याहून कमी त्रास असेल, तर वाट पाहणे बहुधा शहाणपणाचे, कारण टॉन्सिल साधारणतः शाळेच्या पहिल्या वर्षांत सर्वांत मोठे असतात आणि पुढे आपोआप आक्रसतात.

म्हणून मुलाचा घसा सुजला म्हणजे आईवडिलांनी दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक वेळची तारीख, ताप आणि औषध एका वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. टॉन्सिल ठेवावा की काढावा, हा निर्णय घशातल्या गाठीच्या आकारावरून होण्यापेक्षा त्या वहीवरून झालेला बरा.